फोन आपला, किल्ली कोणाची?

१ ऑक्टोबर २०२२ रोजी पंतप्रधानांनी दिल्लीत ५जी सेवेचा शुभारंभ केला. आठवडा उलटण्यापूर्वीच एअरटेलने ही सेवा ज्या आठ शहरांत सुरू केल्याचे जाहीर केले, त्यांत मुंबई आणि नागपूर ही आपली दोन शहरे होती. मनोरे उभे होते, लहरी वाहत होत्या आणि वर्ष-दोन वर्षे आधीच ठळक अक्षरांत ‘५जी’ छापलेल्या खोक्यांतले फोन हजारो लोकांनी पदरचे पैसे मोजून घेतलेले होते. असे असूनही त्यांपैकी अनेकांच्या पडद्यावर ‘४जी’ हीच अक्षरे ठाण मांडून बसली होती. फोनमधील यंत्र सक्षम होते, सेवाही दारात येऊन उभी होती. अडले होते ते सॉफ्टवेअरच्या एका अपडेटपाशी. शेवटी केंद्र सरकारच्या दूरसंचार आणि माहिती तंत्रज्ञान खात्यांना फोनचे उत्पादक आणि सेवा कंपन्या यांना एकत्र बसवून जाब विचारावा लागला. सॅमसंगने नोव्हेंबरच्या मध्याचा वायदा केला, ॲपलने डिसेंबरचा. १३ डिसेंबरला आयओएस १६.२ ही आवृत्ती आली, तेव्हा कुठे भारतातील आयफोनधारकांसाठी ते दार उघडले.

ही घटना आता आपण विसरलो आहोत. सेवा मिळाली, तक्रार संपली. परंतु त्या अडीच महिन्यांनी जो प्रश्न उभा केला होता, तो संपलेला नाही. ज्या वस्तूची पूर्ण किंमत मी मोजली, तिचे कोणते अंग केव्हा जागे व्हावे, तिच्यातील दोष केव्हा दुरुस्त व्हावा आणि ती केव्हा निरुपयोगी ठरावी, हे ठरविणारा तिसराच कोणी असेल, तर त्या वस्तूचा मालक कोण?

मोबाइलचे अपडेट ग्राहकापर्यंत कसे येते, हे आधी पाहिले पाहिजे. माझ्यासारख्या कलाशाखेच्या पदवीधराला त्यातील परिभाषा जड जाते. पण क्रम समजण्यासारखा आहे. अँड्रॉइडचे उदाहरण घेऊ. गूगल नवी आवृत्ती प्रसिद्ध करते. क्वालकॉमसारखी चिप बनविणारी कंपनी ती आपल्या चिपशी जुळवून घेते. मग सॅमसंग किंवा शाओमीसारखा उत्पादक तिच्यावर आपला साज चढवितो. त्यानंतर जेथे सेवा कंपनीचे वर्चस्व आहे तेथे ती आवृत्ती तिच्या प्रयोगशाळेत जाते. कॉल लागतो का, एका मनोऱ्याकडून दुसऱ्याकडे जाताना तो तुटतो का, आपत्कालीन क्रमांक लागतो का, याची तेथे तपासणी होते. सगळे पार पडल्यावरही अपडेट एकदम सर्वांना मिळत नाही. प्रथम शंभरात एखाद्याला, गडबड न आढळल्यास आणखी काहींना आणि मग उरलेल्यांना. शेजाऱ्याच्या फोनवर आलेले अपडेट त्याच बनावटीच्या आपल्या फोनवर का आले नाही, या घरोघरीच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा एवढेच असते. ही शेवटची सावधगिरी योग्यच आहे. खरा घोळ तिच्या आधीच्या पायऱ्यांवर होतो. कोणत्याही पायरीवर काम थांबले, तर ग्राहकाला ते कोठे थांबले आहे हेही कळत नाही.

या साखळीतील सेवा कंपनीची सत्ता पाहायची, तर अमेरिकेकडे वळावे लागते. आपल्याकडे सिमकार्ड वेगळे आणि फोन वेगळा, हीच रीत रुळली. २००३ मध्ये रिलायन्सने ‘मान्सून हंगामा’ योजनेत ५०१ रुपयांत हाती दिलेला फोन रिलायन्सच्याच जाळ्यावर चालत असे, तेवढा अनुभव आपल्या गाठीशी आहे. अमेरिकेत मात्र तोच मुख्य व्यवहार होता. दोन वर्षांच्या कराराने बांधून घ्यायचे आणि महागडा फोन सवलतीत द्यायचा. व्हेरायझन आणि स्प्रिंट यांच्या सीडीएमए जाळ्यावर तर कंपनीच्या यंत्रणेत नोंद नसलेला फोन चालतच नसे. फोनच्या किमतीचा मोठा वाटा सेवा कंपनी उचलत असल्याने उत्पादकाचे खरे गिऱ्हाईक तीच होती, आणि फोनमध्ये काय असावे, काय नसावे, हे तीच ठरवीत असे.

ऑक्टोबर २००८ मध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन, तैवानच्या एचटीसीने बनविलेला जी-१, टी-मोबाइलने दोन वर्षांच्या करारासह १७९ डॉलरला विकावयास काढला. काही दिवसांतच त्यात एक विलक्षण दोष सापडला. कळफलकावर जे काही टंकावे, ते पडद्याआड सर्वाधिकारी आज्ञा म्हणूनही स्वीकारले जात होते. कोणी गप्पा मारताना नव्या ओळीवर ‘रीबूट’ हा इंग्रजी शब्द टंकला, की फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू होई! दोष गंभीर होता आणि तो दुरुस्तही झाला. पण याच फटीतून हौशी जाणकारांनी फोनचा संपूर्ण ताबा मिळविला आणि अँड्रॉइडच्या खुल्या मूळ संहितेवरून आपापल्या आवृत्त्या घडविण्यास आरंभ केला. त्यांनाच ‘कस्टम रॉम’ म्हणू लागले. स्टीव्ह कॉन्डिक या अमेरिकी तंत्रज्ञाची ‘सायनोजेनमॉड’ ही त्यांतील सर्वांत नावाजलेली. सप्टेंबर २००९ मध्ये गूगलने त्यास वकिली पत्र धाडले. आक्षेप मूळ संहितेवर नव्हता. जीमेल, नकाशे यांसारखी गूगलची बंदिस्त ॲप्स त्याने सोबत वाटली, यावर होता. तोडगा निघाला तो असा की, ती ॲप्स ग्राहकाने स्वतःच्या फोनमधून जपून ठेवावीत आणि नव्या आवृत्तीत परत घालावीत. काम पुढे चालू राहिले. जी-१ ला अधिकृतरीत्या अँड्रॉइड १.६ च्या पुढे काहीच मिळाले नाही. स्वयंस्फूर्त मंडळींनी मात्र २०१० मध्ये त्याच फोनवर २.२ चालवून दाखविले.

त्याच वर्षी आलेल्या सॅमसंग गॅलेक्सी एसची कथा तर अधिक बोलकी आहे. मूळ फोन एकच. अमेरिकेतील चार बड्या कंपन्यांनी त्याला व्हायब्रंट, कॅप्टिव्हेट, फॅसिनेट आणि एपिक अशी चार नावे दिली, चार वेगळी रूपे दिली. युरोपात त्याला अँड्रॉइड २.२ हे २०१० संपण्यापूर्वी मिळू लागले. टी-मोबाइलच्या ग्राहकांना जानेवारी २०११ उजाडला, व्हेरायझनच्या ग्राहकांना एप्रिल. पुढे डिसेंबर २०११ मध्ये सॅमसंगने सांगून टाकले की, या फोनला अँड्रॉइड ४.० मिळणार नाही. कारण? आपला साज आणि सेवा कंपन्यांच्या सोयी धरून ते मावेल एवढी स्मृती फोनमध्ये नाही. २०१२ मध्ये सायनोजेनमॉडने तेच ४.० त्याच फोनवर बसवून दिले. स्मृती तेवढीच होती. जे सामान ग्राहकाने मागितले नव्हते, तेवढे बाहेर काढले होते.

गूगलच्या नावाने विकला गेलेला गॅलेक्सी नेक्ससही या फेऱ्यातून सुटला नाही. थेट विकलेल्या जीएसएम फोनला अँड्रॉइड ४.१ जुलै २०१२ मध्ये मिळाले. व्हेरायझनच्या फोनला सप्टेंबर संपत आला तेव्हा. त्याच वर्षीच्या गॅलेक्सी एस-३ वर व्हेरायझनने आणखी एक पाऊल टाकले. अन्य कंपन्यांच्या एस-३ मध्ये पर्यायी आवृत्ती बसविता येत होती, तर व्हेरायझनच्या फोनचा आरंभक म्हणजे बूटलोडर कुलूपबंद होता. स्वतः अपडेट वेळेवर द्यायचे नाही आणि दुसऱ्याकडून घेऊही द्यायचे नाही, असा हा न्याय!

आपल्याला यातील वेदना वेगळ्या रूपाने भोगावी लागली. अँड्रॉइडच्या ४.० पूर्वीच्या आवृत्त्यांत देवनागरीची नीट व्यवस्था नव्हती. ज्या उत्पादकांनी स्वतःहून सोय केली त्यांचे ठीक होते. इतर फोनांवर मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसत, किंवा जोडाक्षरे फुटून पायमोडकी होत आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसे. फोनचे कुलूप तोडून आत देवनागरी टंक घालण्याच्या खटपटी तेव्हा अनेक तरुणांनी केल्या. ज्याचा फोन जुन्या आवृत्तीत अडकला, त्याला स्वतःच्या भाषेतला संदेशही धड वाचता येत नव्हता.

येथवर वाचून सेवा कंपन्या केवळ खलनायक आहेत, असे कोणास वाटेल. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. एका सदोष आवृत्तीने लाखो फोन एकाच वेळी जाळ्यावर ताण देऊ लागले, तर त्याचा फटका ज्याचा फोन ठणठणीत आहे त्यालाही बसतो. शिव्या खातो तो सेवा कंपनीचा दूरध्वनीवर बसलेला कर्मचारी. ॲपलने २००७ मध्ये पहिल्या आयफोनपासूनच अपडेटची सूत्रे आपल्या हाती ठेवली आणि सर्व ग्राहकांना एकाच दिवशी ते देण्याचा पायंडा पाडला, हे खरे. परंतु त्याच ॲपलच्या आयओएस ८.०.१ या आवृत्तीने २४ सप्टेंबर २०१४ रोजी नव्याकोऱ्या आयफोन ६ चा मोबाइल संपर्कच तोडला. काही तासांत ती मागे घ्यावी लागली. ४० हजारांहून कमी फोनांना बाधा झाली, असे कंपनीने सांगितले. पण ज्यांचा फोन मुका झाला त्यांना या आकड्याने काय समाधान मिळणार? तपासणी हवीच. आक्षेप आहे तो तपासणीच्या नावाखाली होणाऱ्या बेमुदत खोळंब्यावर. सेवा कंपनीची कमाई नव्या करारात आणि उत्पादकाची नव्या फोनात असल्याने, विकून झालेल्या फोनसाठी घाई करण्याचे कारण दोघांपैकी कोणालाच उरत नाही.

नवी चित्रे, नवी रंगसंगती यांसाठी महिनाभर थांबले तर काही बिघडत नाही. सुरक्षेचे तसे नाही. एप्रिल २०१३ मध्ये ‘अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन’ या संस्थेने तेथील व्यापार आयोगाकडे चारही मोठ्या सेवा कंपन्यांविरुद्ध तक्रार केली. ज्ञात दोष दुरुस्त न करता फोन ग्राहकांच्या गळ्यात मारले जात आहेत, असे तिचे म्हणणे होते. दोन वर्षांनी त्याची प्रचीती आली. जुलै २०१५ मध्ये ‘झिंपेरियम’ कंपनीच्या जोशुआ ड्रेक यांनी ‘स्टेजफ्राइट’ नावाने ओळखला जाणारा दोष उघड केला. एक खास रचलेला चित्रसंदेश धाडला की, तो न उघडताही परक्याला फोनमध्ये शिरकाव मिळू शकत होता. बाधित होऊ शकणाऱ्या फोनांचा तेव्हाचा अंदाज ९५ कोटी! गूगलकडे दुरुस्ती तयार होती. ती फोनापर्यंत पोहोचविणारी वाट मात्र तीच जुनी. सायनोजेनमॉडच्या ताज्या आवृत्त्यांत ही दुरुस्ती त्या घोषणेपूर्वीच दाखल झालेली होती. मानधनाविना काम करणाऱ्या मंडळींनी अब्जावधींची उलाढाल असणाऱ्या कंपन्यांना मागे टाकावे, ही गोष्ट त्या कंपन्यांना लाजविणारी होती. ऑगस्ट २०१५ मध्ये गूगल आणि सॅमसंग यांनी दरमहा सुरक्षा दुरुस्त्या देण्याचे जाहीर केले, ते या धक्क्यानंतरच.

मग सर्वांनी कस्टम रॉमच वापरावे काय? माझे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. हौशी जाणकाराने ते जरूर करावे; त्यातून तो शिकेल आणि चांगला फोन कचऱ्यात जाण्यापासून वाचेल. पण घरच्या वडीलधाऱ्यांच्या हाती, ज्यावर बँकेचे खाते आणि निवृत्तिवेतन आहे, असा फोन देताना हा मार्ग धोक्याचा आहे. कुलूप काढताना फोनमधील सर्व माहिती पुसली जाते, हमी धोक्यात येते, एखादी पायरी चुकली तर फोन दगड होऊन पडतो. कुलूप काढलेल्या फोनवर अनेक बँकांची ॲप्स चालण्यास नकार देतात. शिवाय मोडेमसारख्या भागांची बंदिस्त संहिता चिप कंपनीच्याच हाती असते. तेथील भोक स्वयंसेवक बुजवू शकत नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्याने ही आवृत्ती घडविली त्या अनोळखी माणसावर आपण घराची किल्ली सोपविल्यासारखा विश्वास टाकत असतो. सगळेच कॉन्डिक नसतात.

चांगल्या हेतूच्या उपक्रमालाही आयुष्याची हमी नसते. सायनोजेनमॉडच्या लोकप्रियतेतून २०१३ मध्ये सायनोजेन ही कंपनी उभी राहिली. चीनच्या वनप्लसने तिची प्रणाली आपल्या पहिल्या फोनमध्ये घातली. दरम्यान भारतापुरता अनन्य हक्क सायनोजेनने मायक्रोमॅक्सला देऊन टाकला. डिसेंबर २०१४ मध्ये प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि सायनोजेनची प्रणाली असलेल्या वनप्लस फोनच्या भारतातील विक्रीस मनाई झाली. काही दिवसांतच खंडपीठाने ती मनाई उठविली. पण आपल्या फोनला पुढची आवृत्ती कोण देणार, हे ठरविणारे करार ग्राहकाच्या पाठीमागे कसे होतात, ते या प्रकरणाने उघडे केले. डिसेंबर २०१६ मध्ये तर सायनोजेन कंपनीने आठवड्याभराची सूचना देऊन सगळा गाशाच गुंडाळला. स्वयंसेवकांनी तेच काम ‘लिनिएज ओएस’ या नावाने पुढे नेले, म्हणून निभावले.

या अनधिकृत आवृत्त्यांचे ऋण मला वेगळ्या कारणासाठी मान्य करावेसे वाटते. ‘हे तांत्रिकदृष्ट्या शक्यच नाही’, या कंपन्यांच्या विधानातील फोलपणा त्यांनी दाखवून दिला. त्यानंतरच्या दशकात बरेच बदलले आहे. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८.० बरोबर गूगलने ‘ट्रेबल’ ही रचना आणली. तीत चिपशी संबंधित भाग आणि मूळ प्रणाली वेगळी केल्याने साखळीतील काम हलके झाले. २०१९ पासून प्रणालीचे काही भाग प्ले स्टोअरमार्फत थेट दुरुस्त होऊ लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ ला आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस-२४ ला सात वर्षे अपडेट देण्याचे वचन दिले. जे तंत्रज्ञानाला शक्य नव्हते म्हणे, ते स्पर्धा आणि जनमत यांनी शक्य करून दाखविले.

परंतु ही वचने महागड्या फोनांची आहेत. दहा-बारा हजारांचा फोन घेणाऱ्याचे काय? येथे कायद्याला उतरावे लागते, आणि अन्यत्र तो उतरला आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सुरक्षा अपडेट किमान केव्हापर्यंत मिळतील, हे विक्रीच्या वेळीच सांगणे बंधनकारक झाले. युरोपीय संघाच्या २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार एखाद्या फोनची विक्रीसाठीची आवक थांबल्यापासून पुढे किमान पाच वर्षे अपडेट उपलब्ध ठेवावे लागतात. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने फेब्रुवारी २०१८ च्या अहवालात सुरक्षेची दुरुस्ती नव्या आवृत्तीपासून अलग करून लवकर द्यावी, असे सुचविले होते. तो मात्र सल्लाच राहिला.

आपल्या देशातही हालचाल झालेली आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. उत्पादकांना अँड्रॉइडच्या वेगळ्या आवृत्त्या बनविण्यास आडकाठी करणाऱ्या करारांवरही त्या आदेशात बोट ठेवले होते. जानेवारी २०२३ मध्ये मद्रास आयआयटीच्या आश्रयाने घडलेल्या ‘भारओएस’चे प्रात्यक्षिक झाले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांची छाती फुगली. तसे होणे स्वाभाविकच. मात्र तिचाही पाया गूगलने खुल्या केलेल्या अँड्रॉइडचाच आहे, आणि कोणत्याही प्रणालीची कसोटी तिच्या अनावरणाच्या दिवशी होत नाही. पाचव्या वर्षी, एखाद्या मंगळवारी मध्यरात्री नवा दोष उघड झाल्यावर, तिची दुरुस्ती किती दिवसांत ग्राहकाच्या हाती पडते, ते पाहावे लागते. स्वदेशी प्रणालीलाही हा हिशेब चुकत नाही.

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीसुलभता निर्देशांकासाठी २०२४ मध्ये समिती नेमली. मे २०२५ मध्ये सादर झालेल्या तिच्या अहवालात सॉफ्टवेअर अपडेट हाही एक निकष आहे. त्याला गुणांकनापुरते न ठेवता सक्तीचे रूप द्यावे. औषधाच्या वेष्टनावर मुदत छापलेली असते, तशी फोनच्या खोक्यावर कमाल किरकोळ किमतीशेजारी ‘सुरक्षा अपडेट अमुक महिना, अमुक सालापर्यंत’ अशी ओळ असावी. सुरक्षेच्या दुरुस्तीवर सेवा कंपनीच्या मंजुरीसाठी दिवसांची कमाल मर्यादा असावी. आणि ती मुदत संपल्यावर फोनचे कुलूप काढण्याची अधिकृत सोय उत्पादकाने द्यावी, म्हणजे ज्याला जमेल तो लिनिएजसारख्या आवृत्तीवर जाईल.

तोवर एक काम आजच करता येईल. घरातील प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ या सदराखाली शेवटच्या सुरक्षा दुरुस्तीची तारीख दिलेली असते. ती पाहावी. मुलांनी नवा घेतला म्हणून आई-वडिलांकडे आलेला जो जुना फोन असतो, त्याची तर आधी पाहावी. ती तारीख दोन-तीन वर्षांपूर्वीची निघाली, तर त्या फोनवरून बँकेचे व्यवहार त्याच दिवशी बंद करावेत.